एका गुरुवाराआड

काचेच्या ग्लासावर काहीतरी टक्कन आपटलं आणि मघापासून गप्प बसलेलं घर दचकलं. ती खिडकीपाशी नवऱ्याचा शर्ट पिळून दोरीवर टाकत होती. तिचे हात थांबले. पाठोपाठ नळाची बारीकशी धार ऐकू आली, कुणी चोरून सोडावी तशी, आणि मग पुन्हा टक्क.

ती बाथरूमच्या दारात आली. मुलगी उपड्या बादलीवर चढून बेसिनशी उभी होती. हातात निळा ब्रश होता, नवऱ्याचा. ब्रशच्या केसांवरून अंगठा फिरवून तिनं पाणी सगळीकडे पोचलं का ते बघितलं, आणि ब्रश ग्लासात ठेवला. सरळ राहिला, म्हणून थोडा तिरका करून बाकीच्या दोन ब्रशांना टेकवला.

"काय करतेस गं?"

"ओला केला." मुलगी बादलीवरून उतरली. "मागच्या वेळी तू विसरली होतीस. तेव्हा पण मीच केला होता."

तिनं ग्लासातल्या ब्रशाकडे बघितलं.

"कोरडा असला की कळतं," मुलगी म्हणाली. "त्या हात धुवायला म्हणून आत येतात ना, तेव्हा बोट लावून बघतात. सगळ्या नाही बघत. आपल्या मॅडम बघतात."

शर्टाचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत आलं होतं. धुवायची काही गरज नसलेला शर्ट. भेटीच्या दिवशी ती कपाटातून त्याचा एक स्वच्छ शर्ट काढायची, भिजवायची, पिळायची आणि खिडकीतल्या दोरीवर सगळ्यांत पुढे वाळत घालायची. चार महिन्यांत त्या शर्टांचा रंग कुणी अंगात न घालताच उडाला होता.

"बाबांना रात्रपाळी असते ना, म्हणून..." तिनं सुरुवात केली.

"हो, माहितीये." मोठी माणसं लहान पोरांची गोष्ट जशी ऐकून घेतात, तशी मुलगी ऐकून घेत होती. "सव्वाचार झाले. दप्तर उघडं टाकू का बंद?"

"उघडं," ती म्हणाली. आणि आपण उत्तर दिलं हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मुलीला या घरात येऊन वर्ष होत आलं होतं. वय सात. आली तेव्हा नुसती सांभाळायला दिलेली होती, तात्पुरती. त्याआधी तीन घरांत अशीच तात्पुरती राहून. पहिल्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यात बिस्किटं सापडली, गादीखाली पावाचा तुकडा, बुटात चार शेंगदाणे. नवरा हसून म्हणाला, "ही तर खार आहे खार," आणि तेव्हापासून ती खारूताई झाली. मग दत्तकाचा अर्ज झाला, दोघांच्या सह्यांनी, आणि थांबायचे सहा महिने सुरू झाले. या सहा महिन्यांत मूल घरात असतं, पण घरचं नसतं. एका गुरुवाराआड, संध्याकाळी पाचला, दत्तक कार्यालयातल्या मॅडम येणार, बघणार, लिहिणार. शेवटी त्यांचा अहवाल आणि न्यायाधीशांची सही. मधल्या काळात घरातलं कुणी वाढलं, कुणी कमी झालं, तर कळवायचं. कळवलं की सगळं पहिल्यापासून, आणि तोवर मूल दुसऱ्या घरी. हे मॅडमनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. नवऱ्यानंच तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे पाहुणासुद्धा ठेवायचा नाही का?" आणि सगळे हसले होते.

त्याच दिवशी दोघांनी मुलीला समोर बसवून सांगितलं होतं, आम्ही कुठेही जाणार नाही. ते वाक्य कार्यालयाच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. आधी स्वयंपाकघरात दोघांनी ते एकदा म्हणून बघितलं होतं.

दुसऱ्या महिन्यात नवरा गेला. भांडण नाही, आदळआपट नाही, कुणी दुसरी नाही. "मला नाही जमत," एवढंच म्हणाला. "ती माझ्याकडे बघत बसते. मी काय करतो ते नाही बघत. मी कधी निघतो ते बघते."

"मग निघू नकोस की," ती म्हणाली होती.

चार दिवस निघाला नाही. पाचव्या दिवशी कामाच्या जवळ, मित्राच्या खोलीवर राहायला गेला. पण सही आपली आहे, एवढं तो मानत होता. भेटीला येईन, कागद होईपर्यंत येईन, म्हणाला, आणि आजवर एकही गुरुवार त्यानं चुकवला नव्हता. आजची तेरावी भेट. शेवटची.

ती घरात शेवटची नजर फिरवायला लागली. पलंगावर, त्याच्या बाजूला, ओला टॉवेल तसाच टाकलेला. खुर्चीखाली एक मोजा. उघडा पेपर, मधलं पान बाहेर आलेलं.

हे तिला तिच्या कामानं शिकवलं होतं. ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे. ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, दिवसभर अनोळखी माणसांच्या तोंडात डोकावत राहायची. सुरुवातीला तिनं सगळे दात शिस्तीत, रांगेत लावले, तेव्हा तिथले म्हातारे उस्ताद खेकसले होते, "अगं, हा माणूस हसला की कवळी लांबून ओरडेल, मी कवळी, मी कवळी. एक दात जरासा वाकडा ठेव. निसर्ग एवढं सरळ काम करत नाही, तू कोण लागून गेलीस?" उस्तादांच्या स्वतःच्या तोंडात आता तिनंच केलेली कवळी होती. खालचा डावीकडचा दात वाकडा. कुणालाही पत्ता लागत नसे.

पावणेपाचला बेल वाजली.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे?" दार उघडत ती म्हणाली. "बेल काय वाजवतोस पाहुण्यासारखी?"

"सवय गेली." नवरा धापा टाकत होता. "चार मजले. काय गं, लिफ्ट बंद?"

"मला काय विचारतोस? लिफ्ट दुरुस्त करणारा तू."

"दिव्याखाली अंधार," तो म्हणाला आणि बूट काढायला वाकला. तिनं ते उचलून दाराजवळच्या मांडणीत ठेवले, एक जरा पुढे, एक मागे.

मुलगी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. परीक्षेला बसवायच्या आधी बाई पोरांची नखं बघतात, तशी तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही केस कापले."

"हो. कालच."

"काल नको. काल मला शाळा होती. रविवारी कापले म्हणा. मी पण आले होते तुमच्याबरोबर."

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. बायको दोरीवरचा शर्ट सारखा करत होती.

"बरं," तो म्हणाला. "आली होतीस."

"मी त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसले. ते काका ओरडले."

"ओरडले?"

"थोडंसं." मुलीनं तोंड उघडून बोटानं खालचा ओठ ओढला. "आणि हा दात पडला. शनिवारी. दोरा तुम्ही बांधलात. आईचे हात कणकेचे होते."

"दुखलं का?" त्यानं विचारलं.

मुलगी थांबली. हे तिनं ठरवलेलं नव्हतं. "तुम्ही सांगा," ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं ते. मी तेच सांगेन."

तो खुर्चीत बसला, आणि खालचा मोजा बघून सवयीनं उचलायला गेला.

"राहू दे," बायको म्हणाली. "तो तिथेच हवाय."

मॅडम आल्या त्या दाराच्या चौकटीला हात टेकवूनच. पन्नाशी उलटलेली बाई, खांद्याला जड पिशवी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"पाणी द्या आधी. फाइल नंतर. माझीच फाइल बंद व्हायची वेळ आली तुमच्या जिन्यात."

नवरा पटकन उठला आणि त्यानं पाणी आणलं. नको तेवढ्या उत्साहानं. मॅडम बसल्या, पट्टे सैल केले, पाणी प्यायल्या. त्यांची नजर टॉवेलवरून गेली, पेपरवरून गेली, मोज्यावर जरा थांबली. मुलगी येऊन नवऱ्याच्या खुर्चीच्या हाताला रेलली.

"बाबा, तुझा मोजा बघ कुठे पडलाय," ती म्हणाली. "आई ओरडेल हं."

एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. तू फक्त मॅडमसमोर. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय हो," मॅडम हसत नवऱ्याला म्हणाल्या, "लिफ्टवाल्याच्याच घरची लिफ्ट बंद? लोक काय म्हणतील?"

"आज सकाळीच बंद पडली." नवराही हसला. आपल्या कामाचं निघालं की त्याचा आवाज जरा मोकळा व्हायचा. "दाराचा खटका अडकत असणार. जुन्या लिफ्टना होतं तसं. उद्या माझा माणूस पाठवतो, अर्ध्या तासाचं काम."

मॅडमच्या हातातला ग्लास ओठांपाशी थांबला.

खाली, लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला होता. बंद असल्याबद्दल क्षमस्व, आणि खाली मोठ्या अक्षरांत तारीख. अकरा दिवसांपूर्वीची. ती रोज तो कागद बघत होती. नवरा आज त्या कागदासमोरून जिना चढून आला होता. पण लिफ्टवाल्यानं लिफ्टवरचा कागद काय वाचायचा?

"आज सकाळी?" मॅडम म्हणाल्या.

खिडकीतला शर्ट टपटपत होता. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. त्याला कळलं नव्हतं काय झालं, पण काहीतरी झालं हे कळलं होतं.

"बाबा लिफ्टनं जातच नाही," मुलगी म्हणाली. "त्याला विचारू नका. तो म्हणतो दिवसभर लिफ्टचं तोंड बघायचं आणि घरी येऊन परत तेच. म्हणून त्याला लिफ्टचं काहीच माहीत नसतं. आम्ही जिन्यानंच येतो. ब्याऐंशी पायऱ्या आहेत. तो मोजत नाही, मी मोजते."

"ब्याऐंशी?" मॅडम म्हणाल्या. "तरीच." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी जरा हात धुऊन येते."

बाथरूमचं दार लोटलं गेलं. आतून नळाचा आवाज आला. बाहेर तिघंही एकमेकांकडे न बघता बसली होती. मुलीनं एकदाच आईकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. काळजी करू नकोस, अशी.

मॅडम हात पुसत बाहेर आल्या. "आता मी आणि ही. दहा मिनिटं. नेहमीसारखं."

आतल्या खोलीचं दार बंद झालं. ती दोघं स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. त्यानं कप काढायला कपाट उघडलं. त्यात डाळींचे डबे होते.

"कप वर असतात आता," ती म्हणाली.

"काय झालं मघाशी?"

"अकरा दिवस झालेत लिफ्ट बंद पडून. खाली तारीख लिहिलीये."

त्यानं कपाटाचं दार हळूच मिटलं. "मग सांगायचंस ना फोनवर."

"काय काय सांगू? दात पडला ते सांगू, कप हलवले ते सांगू, तिला खोकला झाला ते सांगू, लिफ्टचं सांगू. रोज सकाळी बातम्या वाचून दाखवू का तुला?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. चार महिने हळूच बोलतेय."

तो ओट्याला टेकला. ओट्यावर मुलीचा डबा पालथा घातलेला होता. त्यावरचं पाणी तो बोटानं निपटत राहिला. "तिला तू शिकवलंस हे सगळं?"

"मी तिला रात्रपाळी सांगितली होती. तेवढंच. ती ऐकून घ्यायची आणि हो म्हणायची. मला वाटलं, तिला पटलं." तिनं गॅस लावला आणि चहाचं भांडं ठेवायला विसरली. "आज कळलं, तुझा ब्रश ती ओला करते. मी विसरले की ती करते. म्हणजे ती रोज बघत होती, मी काय काय विसरते ते."

निळी ज्योत नुसतीच जळत राहिली. त्यानं हात लांब करून ती बंद केली.

"मी परत आलो तर?" तो म्हणाला.

बसमध्ये एखादा माणूस अर्धवट उठून जागा देऊ करतो, समोरचा नको म्हणेल या हिशेबानं, तसा तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या कानामागे केस कापतानाचे बारीक तुकडे अजून चिकटलेले होते.

"कधी?" तिनं विचारलं.

त्यानं डबा उचलून सरळ केला. पुन्हा पालथा घातला.

आतून मुलीचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता सूर. एकसारखा, न अडखळता. ती कधी एवढं बोलत नसे. शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही" यापलीकडे तिची गाडी जात नसे. आज दहा मिनिटं झाली तरी सूर थांबेना.

"काय सांगत असेल?" नवरा म्हणाला.

"आपल्याबद्दल चांगलं."

दार उघडलं. मॅडमनी पिशवी खांद्याला लावली होती. मुलगी त्यांच्या मागे उभी होती, गाल लाल, धावून आल्यासारखी.

"निघते," मॅडम म्हणाल्या. "चहा नको. पुन्हा हे जिने उतरायचेत, पोटात काही नसलेलं बरं." त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तिच्या आईला म्हणाल्या, "तुम्ही एक मजला चला माझ्याबरोबर. कठड्याला एक हात आणि माणसाला एक हात लागतो मला."

तिनं त्यांचा दंड धरला. दोघी चौथ्यावरून तिसऱ्याकडे उतरू लागल्या. मॅडम एकेक पायरी उतरून दोन्ही पाय जुळवत होत्या. वळणावर त्या थांबल्या आणि कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"पोरीला मी विचारलं, बाबा कसे आहेत," त्या म्हणाल्या.

तिनं कठडा धरला.

"सगळं सांगितलं तिनं. बाबा कुठल्या कुशीवर झोपतात, घोरतात कसे, चहात साखर किती, रविवारी केस कापायला गेले तेव्हा काय झालं, दात पाडताना दोऱ्याला गाठ कशी मारली. एकदाही अडखळली नाही." मॅडमनी गुडघा चोळला. "एकोणीस वर्षं मी हे काम करतेय. बाप घरात असला ना, की मुलं म्हणतात, बरे आहेत. आणि म्हणतात, मी खेळायला जाऊ?"

खालच्या मजल्यावर कुणाचंतरी दार उघडलं आणि बंद झालं. तिच्या हाताला कठडा थंडगार लागत होता. वाकडा दात. तिनं मोजा ठेवला, टॉवेल ठेवला, पेपर विस्कटला. मुलीनं मात्र सगळे दात ओळीत बसवले होते.

"मॅडम, माझं ऐका, मी..."

"थांबा." मॅडमनी पिशवीतून फाइल काढली, कठड्यावर टेकवली, चष्मा लावला. "शेवटचा प्रश्न मी वर विचारला नाही. तो विचारायचा राहिलाय. गेल्या भेटीनंतर घरातल्या माणसांत काही बदल?"

तिनं तोंड उघडलं.

"गेल्या भेटीनंतर," मॅडम सावकाश म्हणाल्या. "पंधरा दिवसांतलं विचारतेय. आधीचं विचारत नाहीये."

वर कुठेतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

मॅडमनी खूण केली, सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. टोपण नीट बसत नव्हतं. त्यांनी ते दोनदा दाबलं.

"सोमवारी अहवाल जाईल. महिन्याभरात तारीख पडेल. काही अडचण येऊ नये." त्या फाइल पिशवीत कोंबायला लागल्या. "मी दयाळू वगैरे आहे असं समजू नका. मला हे जिने परत चढायचे नाहीत. आणि तिला पाचवं घर मी कुठून आणू? चौथंच कसं मिळालं ते मला माहीत."

तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. आता मॅडमनीच तिचा दंड धरलाय हे तिच्या लक्षात आलं.

"एक सांगते, हे काही लिहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पोरगी माणसांना फार सांभाळून घेते. एवढ्या वयात एवढं येऊ नये. ते तिचं सोडवा. कसं, ते मला विचारू नका. मला ठाऊक असतं तर मी वर बसूनच सांगितलं असतं." आणि एक पाय खाली टाकत, "जा आता. मी जाते. उतरताना कुणी बघत असलं की मला जास्त दुखतं."

ती वर आली तेव्हा नवरा बूट घालत होता. दोरीवरचा शर्ट मुलीनं खाली काढला होता. अर्धवट ओला होता तरी घडी घालून त्याच्या शेजारी मांडणीवर ठेवला होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. सोमवारी अहवाल जाईल."

त्याचे खांदे खाली आले. चार महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलेलं तिनं बघितलं नव्हतं. तो हसला, मग आपण हसलो म्हणून ओशाळला. खिशातून किल्ली काढून त्यानं शर्टाच्या घडीवर ठेवली, मग विचार करून शर्ट उचलला आणि किल्ली मांडणीवर राहू दिली.

"बरंय, खारूताई," तो म्हणाला. "येतो."

"आता नाही आलात तरी चालेल," मुलगी म्हणाली. राग नव्हता, लागट नव्हतं. दुकान बंद करताना शेवटच्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "शेवटचीच होती."

तो दारात थोडा वेळ उभा राहिला. ओला शर्ट त्याच्या पँटला लागून तिथे गडद डाग पडत होता. तिच्याकडे त्यानं बघितलं नाही. मग तो गेला. जिन्यात त्याची पावलं आधी सावकाश वाजली, दुसऱ्या मजल्यापासून भरभर.

तिनं दार लावलं. कडी घातली. आणि त्या दाराला पाठ टेकवून ती तिथेच खाली बसली, कारण आता बसायला हरकत नव्हती. खिडकीतून येणारं ऊन पिवळं झालं होतं. रिकाम्या दोरीची सावली भिंतीवर पडली होती, एक सरळ रेघ.

मुलगी घर आवरत होती. पेपर जुळवून घडी केली. पलंगावरचा टॉवेल उचलला. मोजा खुर्चीखालून काढून, त्याचं काय करायचं ते न कळून, हातात धरून उभी राहिली.

"राहू दे गं," ती म्हणाली. "ये. इथे बस माझ्याजवळ."

मुलगी आली. बसली, पण टेकली नाही. दोघींच्या मध्ये बोटभर जागा होती. ती नेहमीच असायची, मुलगी ती ठेवायची.

"मॅडम चिडल्या का माझ्यावर?"

"नाही. उलट. म्हणाल्या, सगळं नीट झालं."

"लिफ्टचं चुकलं पण बाबांचं."

"चुकलं. पण झालं."

"कागद मिळणार?"

"मिळणार." तो शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिला तो खरा वाटला. तिनं हात पुढे करून मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मुलीनं ते करू दिलं.

"म्हणजे आता मॅडम येणार नाहीत?"

"नाही."

"दुसरं कुणी बघायला?"

"कुणीच नाही."

"कधीच?"

"कधीच नाही," ती म्हणाली. या मुलीला किती दिवसांनी आपण काहीतरी खरं सांगतोय, असं तिच्या मनात आलं, आणि ती हसली.

मुलीनं मान डोलावली. हातातला मोजा तिनं मांडीवर पसरला, टाचेपासून बोटांपर्यंत सरळ केला, दोनदा दुमडला. कामाचं काहीतरी ठरवायचं असलं की ती असाच चेहरा करायची. दप्तर उघडं ठेवायचं की बंद, असं विचारताना करायची तोच.

"मग," तिनं विचारलं, "तू कधी जाणार?"